स्टँडमधली शिवी स्टँडनेच थांबवावी

मा. संपादक यांस,


नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या सुरतेतल्या तरुण मंडळ्यांचे फुटबॉलचे सामने ठरू लागतात. उधना, लिंबायत, पांडेसरा, अडाजण, कुठंही जा, टर्फ बुक झालेलं असतं, टी-शर्ट छापायला गेलेले असतात, आणि व्यारा-डांगकडची पोरंही संघ घेऊन येतात. हे सगळं चांगलंच आहे. पण या सामन्यांत रेषेबाहेरून जी भाषा ऐकू येते तिच्याबद्दल या पानावर एकदा मोकळेपणानं बोलायला हवं, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. खेळाडूच्या रंगावरून, चेहऱ्यावरून, जमातीवरून जी शिवीगाळ होते ती पंचाला एकट्याने थांबवता येत नाही. पोलीस आले तरी उशिरा येतात. आणि ज्याला शिवी पडली त्यानेच ती सहन करावी, असं तर कुणी म्हणूच नये. ती थांबवू शकतो तो शिवी देणाऱ्याच्या शेजारी बसलेला माणूस. त्याच संघाचा, त्याच गल्लीतला, त्याच मंडळीतला.

आता कुणी म्हणेल, सुरतेत राहून शिवीचं काय घेऊन बसलात? खरं आहे. सुरती माणूस मित्राला शिवी दिल्याशिवाय हाक मारत नाही, हे जगजाहीर आहे. खानदेशातून इथं गिरणीत आणि लूमवर आलेल्या आपल्या माणसांनीही ही भाषा दोन पिढ्यांत उचलली. तिच्यात जिव्हाळाही असतो, नाकारत नाही. पण सुरती शिवीचं एक आहे, ती परत देता येते. त्याने तुम्हाला एक दिली, तुम्ही त्याला दोन दिल्या, चहा आला, विषय संपला. रंगावरून दिलेली शिवी अशी परत देता येत नाही. 'पास नीट दे रे गाढवा' म्हटलं तर पुढचा पास नीट देऊन पोरगा मोकळा होतो. 'ए काळ्या' म्हटलं तर त्याने काय करून मोकळं व्हायचं? त्याच्या खेळात चूक असेल तर ती सुधारता येते. पण इथं त्याचं असणंच चूक ठरवलं जातं. म्हणून या दोन शिव्या एका मापाने मोजू नयेत.

मी स्वतः पाहिलेलं थोडक्यात सांगतो. पावसाळा संपल्यावर एका टर्फवर सामना होता. एका संघाचा गोलकीपर सुरतेत शिकायला आलेला आफ्रिकन विद्यार्थी होता. शांत मुलगा. त्याने लागोपाठ दोन गोल अडवले आणि जाळीबाहेरून माकडाचे आवाज सुरू झाले. आवाज काढणारी पोरं चौदा-पंधरा वर्षांची. त्यांच्या मागे खुर्च्या टाकून बसलेली मोठी माणसं हसत होती. मी पोरांना गप्प केलं, तर आयोजकांपैकी एक जण मलाच म्हणाला, 'अंकल, मस्ती करे छे, जवा दो ने!' तो मुलगा त्यानंतर दोन रविवार खेळायला आला. मग येईना. कुणी विचारलं तर 'अभ्यास आहे' म्हणायचा. त्याच मैदानावर डांगच्या मुलाला 'जंगली' आणि मिझोरामच्या मुलाला 'चिनी' म्हणून हाक मारलेलीही मी ऐकली आहे. नावं माहीत असूनही कुणी नावानं हाक मारत नव्हतं.

हे फक्त पोरासोरांचं नाही. इथून रेल्वेनं दोन तासांवर असलेल्या वडोदऱ्यात काय झालं ते पुष्कळांना आठवत असेल. खेळ क्रिकेटचा होता, पण गोष्ट तीच. 11 ऑक्टोबर 2007 रोजी भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामन्यात अँड्र्यू सायमंड्स या खेळाडूला उद्देशून प्रेक्षकांतून माकडाचे आवाज निघाले. त्याचं मूळ एका बाजूने वेस्ट इंडीजचं. सुरुवातीला आपल्याकडून सूर निघाला की असं काही झालंच नाही, गैरसमज झाला असेल. सहा दिवसांनी, 17 ऑक्टोबरला, मुंबईत वानखेडेवर पुन्हा तेच झालं. या वेळी छायाचित्रकारांनी माकडाचे हावभाव करणाऱ्या प्रेक्षकांचे फोटोच काढले, ते वर्तमानपत्रांत छापून आले आणि पोलिसांनी काही जणांना स्टँडमधून बाहेर काढलं. तेव्हा कुठं गैरसमजाची भाषा थांबली. मला त्यातलं एक खटकतं. वडोदऱ्याच्या त्या स्टँडमध्ये आवाज काढणारे असतील काही जण. त्यांच्या आजूबाजूला हजारो सभ्य माणसं बसली होती. त्यांच्यातला कुणी उठून 'गप बस' म्हणाला असता, तर वानखेडेपर्यंत ही गोष्ट गेलीच नसती.

आता उलट बाजू बघा. जानेवारी 2021 मध्ये सिडनी कसोटीत आपला मोहम्मद सिराज सीमारेषेवर उभा असताना प्रेक्षकांनी त्याला वंशावरून शिव्या दिल्या. त्याने कप्तानाला सांगितलं, पंचांनी खेळ थांबवला, सहा प्रेक्षकांना बाहेर नेलं. सगळा भारत चिडला, आणि बरोबरच चिडला. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने चौकशी केली. निष्कर्ष असा आला की भारतीय खेळाडूंना वंशावरून शिव्या दिल्या गेल्या हे खरं, पण ज्या सहा जणांना बाहेर काढलं ते शिव्या देणारे नव्हेत. म्हणजे कॅमेरे होते, पोलीस होते, चौकशी झाली, आणि खरे दोषी सुटले. त्यांना कोण ओळखत होतं? शेजारच्या खुर्चीवर बसलेला. तो बोलला नाही.

सिराजसाठी आपण चिडलो आणि सायमंड्ससाठी हसलो. हा हिशेब बरोबर नाही, एवढंच माझं म्हणणं.

फुटबॉलमध्ये तर आपल्या देशात याहून वाईट घडलं आहे. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात सात-सात खेळाडूंच्या सामन्यांचं मोठं वेड. आयव्हरी कोस्ट, घाना, नायजेरियातून खेळाडू तिथं हंगामासाठी येतात, आणि त्यांच्या नावावर गर्दी जमते. 'सुडानी फ्रॉम नायजेरिया' हा 2018 चा मल्याळी सिनेमा याच जगावर आहे. त्यात पाय मोडलेल्या नायजेरियन खेळाडूची मलप्पुरममधलं एक कुटुंब घरच्यासारखी सेवा करतं. ती माया खोटी नाही. पण त्याच जिल्ह्यात, अरीकोडजवळ, मार्च 2024 मध्ये आयव्हरी कोस्टच्या एका तरुण खेळाडूला जमावाने पाठलाग करून मारलं. कॉर्नर किक घ्यायला गेलो तेव्हा रंगावरून शिव्या दिल्या आणि दगड मारले, अशी त्याने पोलिसांत तक्रार केली. प्रेक्षकांची बाजू वेगळी होती, त्यानेच आधी लाथ मारली असं ते म्हणाले. पण एकट्या माणसामागे धावणारा जमाव सगळ्या देशाने व्हिडिओत पाहिला. आधी तोंड सुटतं, मग हात सुटतो. 'मस्ती आहे' म्हणणाऱ्यांनी तो व्हिडिओ आठवावा.

गोव्याचंही बघा. गोव्याला फुटबॉलचं प्रेम शिकवायची गरज नाही. धेंपोकडून रँटी मार्टिन्सने आणि चर्चिल ब्रदर्सकडून ओडाफा ओकोलीने किती गोल केले! दोघेही नायजेरियाचे, आणि गोंयकारांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पण 2013 च्या अखेरीस एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी महामार्ग अडवला, आणि त्यानंतरच्या वादात राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कॅन्सरची उपमा दिली. पुढे त्यांनी माफी मागितली. पण गोल मारणारा आपला आणि भाड्याने खोली मागणारा परका, ही आपली रीत त्यातून उघडी पडलीच.

खरं तर सुरतेला आफ्रिकन माणूस नवा नाही. उधन्याहून नवसारीकडे जाताना सचिन स्टेशन लागतं. आज आपण त्याला जीआयडीसीमुळे ओळखतो. हे सचिन संस्थान 1791 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या वारसाला मिळालं, आणि स्वातंत्र्यापर्यंत तिथं सिद्दी नवाब होते. मराठी पोरं शाळेत जंजिरा शिकतात, मलिक अंबर शिकतात. भरूच जिल्ह्यात रतनपूरला सिद्दी कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहतात आणि अस्खलित गुजराती बोलतात. आमच्यापैकी बहुतेकांचे आजोबा-पणजोबा तापी व्हॅली रेल्वेने जळगाव-धुळ्याकडून इथं आले. मग या मातीत आधीचा कोण आणि परका कोण, हे एकदा नीट मोजून बघावं. रंगावरून परकेपण ठरवायला गेलो तर हिशेब आपल्यावरच उलटेल.

बाकीच्या जगाने यावर काय केलं? इंग्लंडने 1991 मध्ये कायदाच केला की फुटबॉलच्या मैदानावर वंशद्वेषी घोषणा हा गुन्हा. त्यातही एक फट राहिली होती. घोषणा दोघांनी किंवा जास्त जणांनी मिळून दिली तरच गुन्हा, एकटा ओरडला तर सुटला. 1999 मध्ये ती फट बुजवली. तरीही जुलै 2021 मध्ये युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पेनल्टी चुकलेल्या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंवर त्यांच्याच देशातले लोक मोबाइलवरून तुटून पडले. स्पेनमध्ये मे 2023 मध्ये व्हॅलेन्सियाच्या मैदानावर ब्राझीलच्या व्हिनिसियसला माकड म्हणून हिणवलं गेलं. त्या प्रकरणात जून 2024 मध्ये तिघा प्रेक्षकांना आठ महिन्यांची शिक्षा झाली. फुटबॉलसाठी स्पेनमध्ये अशी शिक्षा पहिल्यांदाच. पण निकाल येईपर्यंत एक वर्ष गेलं, आणि त्याच दरम्यान पत्रकारांसमोर व्हिनिसियस रडला. खेळायची इच्छाच दिवसेंदिवस कमी होत चालली आहे, असं तो म्हणाला. जगातला एवढा मोठा खेळाडू हे म्हणतो, तर आपल्या टर्फवरचा तो गोलकीपर 'अभ्यास आहे' म्हणून घरी बसला, यात नवल काय?

आपल्याकडे वंशावरून तेढ वाढवण्याविरुद्ध कलम आहे. आदिवासी आणि दलितांचा अपमान करणाऱ्यांसाठी 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. मैदानावरच्या घोषणांसाठी इंग्लंडसारखा वेगळा कायदा नाही. तो झाला तर स्वागतच. पण त्याची वाट बघत बसायचं कारण नाही, कारण कायद्याशिवायही हे थांबतं, आणि याचा एक दाखला माझ्या फार मनात बसला आहे.

फेब्रुवारी 2020, जर्मनीतलं म्युन्स्टर शहर. तिसऱ्या श्रेणीचा सामना. पाहुण्या संघात क्वाद्वो नावाचा बचावपटू होता. जन्म जर्मनीतला, मूळ घानाचं. स्टँडमधून एकाने माकडाचे आवाज काढले. तेव्हा त्याच्या आजूबाजूला बसलेल्या, त्याच्याच संघाच्या प्रेक्षकांनी बोट दाखवून 'हाच तो' म्हणून सांगितलं. त्याला बाहेर नेलं गेलं आणि मैदानभर 'नाझींनो, चालते व्हा' अशा घोषणा घुमल्या. लक्षात घ्या, घोषणा देणारे यजमान होते आणि खेळाडू विरोधी संघाचा. त्या खेळाडूने नंतर म्युन्स्टरच्या प्रेक्षकांचे आभार मानले. सिडनीत पोलीस आणि कॅमेरे असून जे जमलं नाही, ते म्युन्स्टरमध्ये शेजाऱ्यांनी मिनिटांत केलं.

आपल्याकडेही अशी माणसं आहेत. सप्टेंबर 2023 मध्ये कोचीच्या इंडियन सुपर लीग सामन्यात मेघालयच्या ऐबानभा डोहलिंगकडे बघून विरोधी खेळाडूने नाक दाबल्याचा हावभाव केला, तेव्हा केरळ ब्लास्टर्स क्लबने तक्रार केली आणि चाहत्यांची संघटनाही त्याच्या पाठीशी उभी राहिली. ईशान्येकडच्या आपल्या मुलांनी हे वर्षानुवर्षं मुकाट सोसलं आहे. चाहते उभे राहिले की त्यांना एकटं वाटत नाही.

म्हणून सुरतेतल्या आपल्या तरुण मंडळ्यांना आणि सामने भरवणाऱ्यांना माझ्या काही सूचना आहेत. पैसा लागत नाही, फक्त ठरवावं लागतं.

पहिली, सामना सुरू होण्याआधी दोन्ही कप्तानांना आणि प्रेक्षकांना नियम वाचून दाखवा. रंग, चेहरा, जात, जमात, प्रांत यांवरून एक शब्द किंवा एक आवाजही चालणार नाही. मराठीत, गुजरातीत, हिंदीत, तिन्ही भाषांत सांगा, म्हणजे 'आम्हाला कळलं नाही' ही सबब उरणार नाही.

दुसरी, फिफाच्या तीन पायऱ्या आपल्यालाही लागू करा. पहिल्यांदा झालं तर खेळ थांबवून सूचना. दुसऱ्यांदा झालं तर दोन्ही संघ दहा मिनिटं मैदानाबाहेर. तिसऱ्यांदा झालं तर सामना संपला, आणि ज्यांच्या प्रेक्षकांनी केलं तो संघ हरला.

तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. प्रत्येक संघाने आपल्याच प्रेक्षकांत दोन वडीलधारी माणसं नेमावीत. कुणी म्हणेल, समोरच्या संघाला हरवायला त्यांच्या गर्दीत घुसून कुणी मुद्दाम ओरडला तर? म्हणूनच ही दोन माणसं ओळखीची हवीत. कुठलं पोरगं कुणाचं, हे त्यांना माहीत असतं. पंचाला ते कळणं शक्य नाही.

चौथी, पोरांना कायमचं हाकलू नका. आईवडिलांना बरोबर घेऊन त्या खेळाडूपुढे उभं करा, माफी मागू द्या, पुढच्या सामन्यात चेंडू आणून द्यायचं काम द्या. मोठ्या माणसाने केलं असेल तर मात्र तो हंगाम त्याला मैदान बंद. मोठ्यांना 'समज नव्हती' म्हणायची सोय नको.

पाचवी, ज्याला शिवी पडली त्याच्याकडे आयोजकांनी स्वतः जावं. त्याने तक्रार केली तरच बघू, असं म्हणू नये. परक्या गावात शिकायला आलेला मुलगा तक्रार करत नाही, तो येणं बंद करतो.

आणि एक घरातली गोष्ट. पोरं ही भाषा टर्फवर शिकत नाहीत. लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी' हा शब्द आपण पहिला लिहितो, बाळ जन्मलं की आधी रंग विचारतो, उन्हात खेळणाऱ्या पोरीला 'काळी पडशील' म्हणून आत बोलावतो. शोमरोनी माणसाचा दाखला रविवारच्या शाळेत शिकवायचा आणि सोमवारी हे बोलायचं, यातली गफलत पोरांना बरोबर कळते. ती आपल्या शिकवणीपेक्षा आपलं बोलणं उचलतात.

मैदानावर ओरडू नका, असं माझं मुळीच म्हणणं नाही. ओरडा, ढोल वाजवा, पंचाला चष्मा आणून द्यायची भाषा करा, समोरच्या गोलकीपरचं लक्ष उडवायचा प्रयत्न करा. त्यात मजा आहे, आणि ती टिकावी. फक्त त्या गोलकीपरला पुढच्या रविवारी परत यावंसं वाटलं पाहिजे. तो आला नाही तर आपण गोल कुणावर मारणार?

या नाताळात ज्या मंडळ्या सामने भरवणार आहेत त्यांनी आपले नियम ठरवून या पानाकडे कळवावेत, आणि संपादकांनी ते छापावेत, ही विनंती. एका मंडळीने सुरुवात केली तर बाकीच्यांना करावीच लागेल. सुरतेतला स्पर्धेचा स्वभाव निदान इथं तरी कामी येऊ दे.

आपला,
एक वाचक
उधना, सुरत